माझ्या पोटातले राजेश्रीचे कागद

मित्रांनो, सेलूच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मी एक जुने लोखंडी कपाट आहे. पूर्णा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात उभे आहे.

आधी मी प्रयोगशाळेत होते. माझ्यात सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या नळ्या असत. मुले आली की माझी दारे दिवसभर उघडी राहत. काही फुटले तर सर रागावत, पण दारे लावून घेत नसत. तो माझा आनंदाचा काळ. पुढे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा सरकारने भरूच दिली नाही. तासावर शिकवणारी तरुण मंडळी आली, त्यांचेही मानधन थकू लागले. नवे अभ्यासक्रम निघाले ते विनाअनुदानित. प्रयोगशाळा बंद झाली. मला कार्यालयात आणून कुलूप घातले.

तेव्हापासून माझ्यात मुलांचे मूळ दाखले आणि गुणपत्रिका असतात. फी पूर्ण जमा झाल्याशिवाय हे कागद सुटत नाहीत.

चुडाव्याची राजेश्री रक्ततपासणीचा अभ्यासक्रम शिकायला आली. तिचे वडील सटवाजी मेंढरे राखतात. अशा घरच्या मुलांची फी आम्ही भरू, असे सरकारने जाहीर केले होते. त्याचा बॅनर फाटकावर अजून आहे. राजेश्री प्रथम श्रेणीत पास झाली. सरकारचे पैसे काही आले नाहीत.

मग एका सरकारी रक्तपेढीत तिची निवड झाली. कागद तपासायला बोलावणे आले. बाप-लेक कार्यालयात आले तेव्हा कारकून महारुद्र खाली मान घालूनच बोलला. सरकारकडून रक्कम येत नाही, शिक्षकांचे पगार थकलेत, प्राचार्यांनी सक्त ताकीद दिली आहे, असे त्याने सांगितले.

सटवाजी शांतपणे म्हणाले, "सायेब, भरतो म्हणलं सरकार. भरलं न्हाई सरकारनं. मग अडवायलाव ते माझ्या पोरीला कशामुळं?"

महारुद्र रजिस्टरची पाने उलटत राहिला.

"दादा, एकदा हातात तरी द्या," राजेश्री म्हणाली. "मी अजून बघितली न्हाई माझी गुणपत्रिका."

त्याने माझे कुलूप काढले. तिने गुणपत्रिका घेतली, वडिलांना सगळे विषय वाचून दाखवले. कार्यालयाचे दार उघडे होते. समोर स्टेशनचा रस्ता होता. जा, पोरी, असे मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड नाही.

तिने कागद परत दिला. "नेला तर तुमच्यावर येईल," एवढेच म्हणाली.

झेरॉक्स घेऊन ती रक्तपेढीत गेली. मूळ प्रत आणा, असे तिथे सांगितले. पैसे अडवणारे सरकारच, आणि मूळ कागद मागणारेही सरकारच. तिची जागा यादीतल्या पुढच्याला मिळाली. आता ती वडिलांबरोबर मेंढरांमागे जाते.

या जूनमध्ये तिची धाकटी बहीण सृष्टी प्रवेशाला आली. "परत कधी मिळंल?" तिने विचारले. महारुद्रने दारात उभ्या असलेल्या राजेश्रीकडे पाहिले, सृष्टीचा दाखला माझ्यात ठेवला आणि किल्ली फिरवली.

मित्रांनो, स्वतःसाठी मला नवा रंगही नको. उद्या तुम्ही मत द्याल, फी माफ झाली म्हणून टाळ्या वाजवाल. तेव्हा पैसे पोहोचले का, एवढे नक्की विचारा. मी लोखंडाचे आहे, मला कुठे जायचे नाही. या मुलींना जायचे आहे.