एकाहत्तर किलो

दगडकाम करणाऱ्या टीलेमाननं थडग्याच्या दगडावर आईबाबांच्या नावांमधून खडूची रेघ ओढली, हात झटकले आणि तो दोन पावलं मागं सरला.

"इथून कापतो. अर्ध्या तासाचं काम. वर बाबा, खाली आई."

लाकडी ठोकळ्यांवर आडव्या ठेवलेल्या काळ्या ग्रॅनाइटकडे इर्महिल्ड बघत राहिली. वर 'हार्म ब्रांडेस', खाली 'एल्फ्रीडे ब्रांडेस', मधे पांढरी रेघ. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांच्या मधे इतकी सरळ रेघ कुणाला मारता आली नव्हती. भांडणं झाली, तीही वाकडीतिकडीच.

कबरीची पंचवीस वर्षांची मुदत संपली होती. मुदत वाढवून मिळणार नव्हती. तिथे आता हिरवळ होणार होती. दगड महिनाअखेरीपर्यंत न नेल्यास त्याची खडी करून रस्त्यावर घालण्यात येईल, असं दफनभूमीच्या कचेरीनं नम्रपणे कळवलं होतं. या मुलखात माणूस मेला तरी भाडेकरूच असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. इर्महिल्डलाही 'खडी' या शब्दापर्यंत काही वाटलं नव्हतं. मग तिनं भावाला फोन केला होता.

"आईला तिच्या गावी नेऊ."

आई नायसे नदीपलीकडची. युद्ध संपल्यावर विसाव्या वर्षी तिला तिथून हाकलून दिलं, तो मुलूख पोलंडचा झाला, आणि ती एका पेटीनिशी इथे येऊन पडली. पुढं तिनं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त शेवटच्या आजारात रोज सकाळी विचारायची, "गाडी आली का?" इर्महिल्ड म्हणायची, "उद्या येईल." पंचवीस वर्षं तिच्या घशात तो 'उद्या' अडकून होता.

ओर्टविन तिचा थोरला भाऊ. बायको गेल्यावर त्यानं मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी मोठी गाडी, घेतलं होतं, पण एकट्यानं जायचं कुठं म्हणून ते अंगणातच उभं असायचं. त्यानं सगळा हिवाळा या प्रवासाच्या आखणीत घालवला. चार दिवस, तीन मुक्काम. पेट्रोलपंप, पाव मिळण्याची दुकानं, ट्रकवाल्यांचे टाळायचे रस्ते, सगळं एका हिरव्या फाइलमध्ये. पुलावरून पलीकडे सकाळी नवानंतर, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. पलीकडच्या पाद्रीबुवांनी भिंतीजवळची जागा आणि चार दणकट माणसं कबूल केली होती. नवव्या पानावर 'येथे इर्मी झोपेल' असंही लिहिलेलं होतं.

एकच गोष्ट फाइलमध्ये बसली नाही. गाडीच्या कागदांवर माणसांसकट, दगडासकट, चहाच्या किटलीसकट साडेतीन हजार किलोंची मर्यादा होती. टीलेमानच्या वजनकाट्यावर सगळं धरून आकडा आला तीन हजार पाचशे एकाहत्तर. सायकली कालच उतरवल्या होत्या. खुर्च्या आणि बाहेर ताणायचं कापडी छतही काढलं होतं, पाण्याची टाकी रिकामी केली होती.

"साहेब, पुलावर कोण तराजू घेऊन बसलंय?" टीलेमान म्हणाला.

"मी बसलोय."

ओर्टविन सदतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता. खोट काढून याच काट्याला त्यानं दोनदा सील ठोकलं होतं. टीलेमाननं ते आजवर मनात ठेवलं होतं, तरी कापायची मजुरी घेणार नाही म्हणाला होता. अशी माणसं असतात.

"मी राहते घरी," इर्महिल्ड म्हणाली. "तू घेऊन जा."

"तुझं वजन?"

"त्रेसष्ट."

"आठ किलो उरतात."

"जन्मभर जाडी, जाडी म्हणून चिडवलंस, आणि आता कमी पडले होय?"

ओर्टविन हसला नाही. टीलेमाननं घसा खाकरला.

"आईलाच न्यायचंय ना, बाई? बाबा तर इथलेच. त्यांच्या सात पिढ्या इथल्या."

खरंच होतं. बाबा कधी एल्बे नदी ओलांडून पलीकडे गेले नाहीत. पूर्वेकडून वारा आणि पाहुणे येतात, दोन्ही परत जात नाहीत, असं ते म्हणायचे. आई तेव्हा बटाटे सोलत असायची.

इर्महिल्डनं दगडावर हात ठेवला. दगड गार होता.

"काप," ती म्हणाली.

टीलेमाननं कानांवर झाकणं चढवली. करवत सुरू झाली, पात्यावर पाण्याची धार लागली. ओर्टविन गाडीत चढला. आता तो बघणार नाही, असं इर्महिल्डला वाटलं. पण तो लगेच खाली उतरला. एका हातात त्याची बॅग, दुसऱ्या हातात उशी. दोन्ही त्यानं जमिनीवर ठेवल्या आणि टीलेमानच्या डोळ्यांसमोर हात हलवला. करवत थांबली.

"माझे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "दगड वर घे. अख्खा."

"ओर्टविन, सगळा हिवाळा तू..."

"फाइल आहे. अक्षर चांगलं आहे माझं."

"एवढी मोठी गाडी मी कधी चालवलीय?"

"बाबांचा ट्रॅक्टर चालवलास की."

"तो खड्ड्यात घातला होता!"

"खड्ड्यापर्यंत उत्तम चालवलास."

तिनं फाइल उघडून मिटली. मग हळूच म्हणाली, "बाबांना आवडेल का रे तिकडे?"

"आईला इथे आवडलं का, हे कुणी विचारलं होतं?"

इर्महिल्डनं रुमाल ओला केला आणि रेघ पुसून काढली. दगड क्रेननं वर चढला, पट्ट्यांनी आवळला गेला. ती चालकाच्या जागेवर बसली. आरसे तिच्या बेतानं फिरवताना ओर्टविननं प्रत्येक वेळी खाली वाकून तपासलं. मग तो काट्यावरून बाजूला झाला आणि आकडा त्यानं स्वतः वाचला.

"तीन हजार चारशे त्र्याऐंशी."

"झालं की मग, साहेब," टीलेमान म्हणाला.

ओर्टविननं खिडकीतून फाइल आत दिली. बराच वेळ त्यानं खिडकीच्या कडेवरचा हात काढला नाही.

"जाताना सावकाश. वळणावर दगड मागं ओढेल, घाबरायचं नाही," तो म्हणाला. "आणि येताना गाडी हलकी लागेल, इर्मी. एकदम जाणवतं ते. ब्रेक जपून लाव."