सांधा हवा वाटीसकट
म्हातारीचा खुबा मोडला होता, पण जीभ शाबूत होती. आणि आज नेमकी तीच आवरून धरावी लागत होती.

पलंगाच्या पायथ्याशी हाडांच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन उभ्या होत्या. सांधा बदलायचा हे नक्की होतं. कोणता बसवायचा, एवढंच ठरायचं होतं.

"खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा," त्या म्हणाल्या. "अर्धा सांधा बसवला तर गोळा नवा, वाटी जुनीच. ऑपरेशन लवकर आटोपतं, सांधा निखळायची भीतीही कमी. घरातल्या घरात वावरणाऱ्याला तो पुरतो. पूर्ण सांध्यात वाटीही नवी. वेळ जास्त लागतो, पण भरपूर हिंडणाऱ्या-फिरणाऱ्याला तोच बरा. नाहीतर नवा गोळा जुन्या वाटीला घासून पुढे दुखू शकतं. पडायच्या आधी आजी काय काय करायच्या?"

"काही नाही!" मुलगा अभिमानाने म्हणाला. "आईला आम्ही पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. बसल्या जागी सगळं. जिन्यात पाय घसरला, तोही चुकून."

पोरगं गुणाचं होतं. पण सुरी सोन्याची झाली तरी कोणी उरात खुपसून घेत नाही.

"मग अर्धा पुरे," म्हणत डॉक्टर वळल्या.

म्हातारीने खिडकीपाशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचं मात्र साटंलोटं होतं. मुलगा कामावर गेला की दोघी भाजी आणायला म्हणून निघत. भाजी येताना कोपऱ्यावरून कशीबशी उचलत. मधला सगळा वेळ जाई तो व्यायामशाळेच्या तळघरात, टेबल टेनिस खेळण्यात. म्हातारीच्या फिरकीने तिथे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जिनाबिना काही नव्हता. कडेला सुटलेला चेंडू घ्यायला ती झेपावली आणि आडवी झाली. जिना ही सुनेची थाप, अँब्युलन्सची वाट बघताना सुचलेली.

आता बोलावं तर बिंग फुटतं, आणि गप्प बसावं तर अर्धा सांधा घेऊन जन्मभर खुर्चीत. डॉक्टर दारापर्यंत पोचल्या.

"थांबा!" म्हातारी एका दमात बोलून गेली. "मी टेबल टेनिस खेळते. रोज. पडले तीही खेळताना. मला वाटीसकट सांधा हवा!"

मुलगा ओशाळं हसला. "डॉक्टर, औषधाची गुंगी आहे. बरळतेय ती."

"बरळत नाहीत त्या," सून म्हणाली. "मी त्यांची जोडीदार आहे. आणि आई, गडबडीत सांगायचं राहिलं. तो शेवटचा पॉइंट आपला झाला."

"काय सांगतेस!"

"पडता पडता मारलेला चेंडू समोरच्यांच्या बाजूला टेबलाच्या काठाला लागून खाली गेला. जिंकलो आपण!"

म्हातारी आनंदाने उठायलाच गेली. खुब्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी हसू काही थांबेना.

डॉक्टर परत आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि आता थेट तिलाच विचारू लागल्या. काठी लागते का? जिने चढता का? दम लागतो का? म्हातारीची उत्तरं टेबलावरच्या चेंडूसारखी टपाटप परत येत होती.

"ठीक आहे, पूर्ण सांधाच बसवू," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्याचा मांडीच्या हाडात जाणारा दांडा हाडांच्या सिमेंटने पक्का करू, म्हणजे लवकर उभं राहता येईल. पण सुरुवातीला खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, नाहीतर निखळेल. खेळाचं वचन देत नाही. प्रयत्न मात्र दोघी मिळून करू."

मुलाचा चेहरा लालबुंद झाला होता. "आई, माझ्यापासून लपवलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

त्याने उगाच तिचं पांघरूण सारखं केलं.

"तू मला जपतोस, कळतं मला," ती म्हणाली. "पण बाळा, नुसतं बसून बसून मी कंटाळून मेले असते रे."

मुलगा बायकोवर डोळे वटारायला गेला. तेही जमलं नाही. ती अजून जिंकल्याच्या आनंदात होती आणि आईही. घरात एवढा मोठा आनंद झाला आणि त्याला पत्ताच नव्हता, हे त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. दोघा कर्मचाऱ्यांनी म्हातारीला अलगद त्यावर घेतलं. मुलगा स्ट्रेचरला हात लावून बरोबर चालू लागला.

"निदान हरवलंत कोणाला, ते तरी सांग," तो म्हणाला.

सासू आणि सून दोघी एकदम सुरू झाल्या. ऑपरेशन थिएटरच्या दारात कर्मचारी म्हणाला, "नातेवाइकांनी इथेच थांबा."

"अहो, एक मिनिट!" मुलगा स्ट्रेचर न सोडता म्हणाला. "आई, शेवटचा सर्व्ह कोणाचा होता?"