अकराव्या मिनिटातली हाक

मी टेबलफॅन बोलतोय. बंद आहे, तरी बोलतोय.

नऊ वर्षं झाली, कुणी माझं बटण दाबलेलं नाही. कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत मला ठेवलंय, आत्ताआत्तापर्यंत तर भिंतीकडे तोंड करून. वायर पायाभोवती गुंडाळलेली आहे आणि तिची टोकं कडक झालीत. तरी रोज दुपारी चारला बाहेरच्या खोलीतून माझा आवाज येतो. मी चालतोय, डावीकडून उजवीकडे मान वळवतोय, उजव्या टोकाला अडखळून 'टक्' करतोय, हे सगळं मी इथे पिशवीत बसून ऐकतो. माणसं मेल्यावर भूत होतात म्हणे. मी अजून धड मेलोही नाही आणि माझं भूत पलीकडच्या खोलीत फिरतंय.

त्या आवाजात एक माणूसही आहे. तो एकच शब्द बोलतो. हे सगळं त्या शब्दापायी सांगतोय.

माझा जन्म कारखान्यात झाला असणार, पण मला आठवतं ते एका वाइंडरच्या दुकानातलं टेबल. जळालेल्या मोटरीतली काळी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. माझा पहिला मालक मला जळालेला टाकून गेला, तो परत फिरकलाच नाही. चार महिने मी फळीवर धूळ खात होतो. मग एका रिकाम्या सकाळी वाइंडरने मला उघडलं, माझ्या पोटात नवी तार भरली, वरून व्हार्निश दिलं आणि म्हणाला, "बेवारशी मरण्यापेक्षा घरी चल."

तार भरताना तो फेरे मोजायचा. त्या वेळी कुणी बोलायला आलं, की तार गुंडाळायच्या यंत्राची मूठ थांबायची आणि उजवा पंजा वर जायचा. तोंडाने चकार शब्द नाही. गिऱ्हाईक असो, बायको असो, पोटचा मुलगा असो, सगळ्यांना तोच पंजा. एक फेरा चुकला की मोटर तापते, असं त्याचं म्हणणं. मुलाने तो पंजा लहानपणी इतक्या वेळा पाहिला, की घरात त्या दोघांमधली निम्मी बोलणी पंजाशीच संपली असावीत.

मुलगा मोठा होऊन आवाजाच्या धंद्यात गेला. हलत्या चित्रांच्या मालिकांना पावलांचे, यंत्रांचे आवाज द्यायचे. ज्या मालिकेने त्याचं नाव झालं, ती सगळी भविष्यकाळातली होती. बारा भाग, बारा वेगळ्या गोष्टी, प्रत्येक गोष्टीत वेगळा ग्रह आणि वेगळी माणसं. चित्रं काढणारे दर भागाला बदलत. आवाजवाला मात्र बाराही भागांना हा एकटाच.

चित्रं त्याच्याकडे मुकी यायची. मग हा घरभर काहीबाही वाजवत फिरायचा. लाल ग्रहावरच्या वाळूतली पावलं म्हणजे ताटात पसरलेली कपड्यांची पावडर आणि तिच्यावर दाबलेली त्याच्या आईची चप्पल. यंत्रमानवाचा गुडघा म्हणजे उघडता उघडता अडकणारी छत्री. सहा पायांचा एक प्राणी होता, त्याचं चालणं म्हणजे ओल्या रबरी हातमोज्यात घातलेला किल्ल्यांचा जुडगा. आई म्हणायची, "माझी अर्धी भांडी अंतराळात गेलीत. उरलेल्यांत स्वयंपाक करते."

बाप मात्र कधी हसला नाही. मुलगा दारात दिसला की म्हणायचा, "या, कानोसेबुवा! आज कुणाच्या दाराला कान लावला?" आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "जन्मभर मी मशिनींची कुरकुर बंद करत आलो. आमचे चिरंजीव तीच गोळा करत फिरतात."

मुलगा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एवढे तयार कान, पण या वाक्याला ते बरोबर बंद व्हायचे.

मग वाइंडर आजारी पडला. छातीचं दुखणं होतं. त्याचा पलंग आतल्या खोलीत खिडकीजवळ लावला आणि समोरच्या स्टुलावर मला ठेवलं. दिवसभर मी आणि तो. तोवर माझं बुश झिजलं होतं. म्हणजे दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं सैल पडलं होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला घशात खरखर व्हायची. वाइंडर माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मेल्या, तुझंही माझ्यासारखंच झालं की." उठून दुरुस्त करायची ताकद त्याच्यात नव्हती. दुसऱ्या कुणाकडे द्यायला तो तयार नव्हता.

त्याच सुमारास मुलाचं घोडं सातव्या गोष्टीत अडलं. एक म्हातारं अंतराळयान, त्यात शेकडो माणसं झोपलेली आणि जागी एकच पहारेकरीण. दिग्दर्शिकेने सांगितलं होतं, "यान जिवंत वाटलं पाहिजे. जिवंत, पण आजारी." मुलाने बॉयलर टेपवर घेतले, लिफ्टच्या मोटरी घेतल्या, स्वतःच्या नाकाचा आवाज घेतला. दिग्दर्शिका प्रत्येक वेळी मान हलवायची. "हे चालतंय. पण आजारी नाहीये."

तो सकाळी बापाजवळ बसायला आला आणि दारातच थबकला. आधी बापाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघू लागला.

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आई औषधाच्या दुकानात गेली होती. मुलाने खिडकी लावली, माइक माझ्यापासून दीड वितीवर ठेवला, कानांवर हेडफोन चढवले आणि पलंगाकडे पाठ करून माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. मी चालू होतो. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. वाइंडर उशीवरून हे सगळं बारकाईने बघत होता. तो कोपरावर थोडा उचलला गेला आणि म्हणाला,

"अरे..."

मुलाने मागे न बघता उजवा पंजा वर केला.

मी तेव्हा उजवीकडून परत येत होतो, म्हणून वाइंडरचं तोंड मला दिसलं. त्याने ओठ मिटले. त्या पंजाकडे तो बघत राहिला आणि हसला. स्वतःची हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघून माणूस हसतो, तसा. मग पुढची साडेतीन मिनिटं तो मोठ्याने श्वाससुद्धा न घेता पडून राहिला. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम त्याचाच.

आवाज घेऊन झाला तोच मुलाचा फोन वाजला. दिग्दर्शिका होती. "मिळालं, मिळालं, घेऊन येतो," असं म्हणत त्याने सामान भरलं, बापाच्या पायाला हात लावला, "संध्याकाळी येतो, बाबा," म्हणाला आणि गेलाही. बाप काय म्हणत होता, ते विचारायचं राहून गेलं.

दार लागल्यावर वाइंडर माझ्याशी बोलला. हे मी एकट्याने ऐकलंय. म्हणाला, "मागून घ्यायला हवं होतं रे त्याने. मोटर मागे असते. पेचकसाचं टोक तुझ्या पाठीला टेकवून मूठ कानाला लावली असती ना, तर असा खजिना मिळाला असता पोराला! बघू, संध्याकाळी सांगतो."

आई परत आली, त्याला दोन घास भरवले, औषध दिलं. साडेतीनच्या सुमारास तो गेला. तिला वाटलं झोपलाय. पावणेपाचपर्यंत मी त्याला वारा घालत होतो. मग तिने त्याच्या हाताला हात लावला आणि आधी मला बंद केलं.

मुलाला फोन गेला तेव्हा माझा आवाज चित्राखाली लावून झाला होता. नंतर बरेच दिवस तो कामावर गेला नाही आणि बाकीच्यांनी भाग जसा होता तसा पुरा केला. 'अरे' कुणी काढलाच नाही. तो नेमका कुठे येऊन बसला? अकराव्या मिनिटाला पहारेकरीण बोळातून चाललेली असते, एका दारापाशी थांबते आणि वळून मागे बघते. ते चित्र दोन महिने आधी काढलेलं होतं. पण आता बघावं तर तिला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं.

लोकांनी ते हुडकलं. सातव्या गोष्टीतलं भूत म्हणून ते सगळ्यांना ठाऊक झालं. कुणी म्हणे, स्टुडिओत एक कामगार मेला होता. कुणी म्हणे, यान पहिला शब्द बोललं. मुलाला विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही, टेपचा दोष." पण स्वतः त्याने सातवी गोष्ट पुन्हा कधी पाहिली नाही. घरी आला की त्याची पावलं कपाटापर्यंत यायची आणि तिथूनच परत फिरायची. खोलीत गरम होत असलं तरी नवा पंखा आणू देत नव्हता. आईने एकदा विचारलं, तर म्हणाला, "पंख्यासमोर मला झोप येत नाही."

यंदा ती मालिका नव्याने निघायचं ठरलं. चित्रं उजळायची, आवाज धुऊन पुसून घ्यायचे. आणि सोबत एक छोटी फिल्म, पडद्यामागच्या गमतींची. त्यासाठी काही महिन्यांपूर्वी दिग्दर्शिका कॅमेरावाल्याला घेऊन घरी आली. मला खाली उतरवलं, पिशवी काढली, फडक्याने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. नऊ वर्षांनी मी माणसांची तोंडं पाहिली. मुलाचे केस कानांवर पांढरे झाले होते.

"हाच तो!" दिग्दर्शिका म्हणाली. "चालू होतो का?"

"नको," मुलगा म्हणाला. "आणि ऐक, नव्या प्रतीतून मी तो शब्द काढतोय. आज संध्याकाळी बसून पुसून टाकणार."

"वेडा आहेस का? लोक त्या एका सेकंदासाठी अख्खा भाग बघतात."

"लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. "काय पुसणार आहेस?" तिने विचारलं.

"काही नाही, आई. एक दोष आहे टेपमध्ये."

"दोष?" तिने कप टेबलावर ठेवले, माझ्या शेजारीच. "मी रोज चारला टीव्हीपुढे बसते, ती काय तुमच्या सहा पायांच्या जनावरासाठी? समोरच्या घरातल्या मुलीकडून ती सातवी गोष्ट पेनड्राइव्हमध्ये भरून घेतलीय. अकराव्या मिनिटापर्यंत थांबते, त्यांचा आवाज ऐकते आणि उठते. दुसरीकडे कुठे राहिलाय तो आवाज? तू जगाचे आवाज धरून आणलेस, बापाचा एक तरी घेतलास का?"

मुलाचा चेहरा उतरला. कॅमेरावाल्याने आपण होऊन कॅमेरा खाली केला.

"तुला माहीत होतं?" मुलाने विचारलं.

"चाळीस वर्षं ऐकलेला आवाज मला ओळखू येणार नाही? कानोसेबुवा तू आहेस, पण मीही काही बहिरी नाही."

मग तो बोलला. नऊ वर्षांचं एकदम बोलला. "आई, त्यांचा श्वास कोंडला होता. मदतीला हाक मारत होते मला. कानात अगदी जवळ आली हाक, आणि मी हात वर केला. गप्प बसवलं त्यांना. म्हणून गेले ते. तो शब्द ऐकला की मला..."

"थांब जरा," आई म्हणाली. ती खुर्चीवर बसली. "शेवटची दोन वर्षं त्यांचा श्वास किती वेळा कोंडला? मोजायचं सोडून दिलं होतं मी. दर वेळी काय म्हणायचे? 'अगं.' घरात दहा माणसं असू देत, डॉक्टर समोर असू दे, श्वास कोंडला की 'अगं'. आणि हा 'अरे' आहे. म्हणजे तुझ्याशीच काहीतरी बोलायचं होतं त्यांना, आणि जिवावरचं नव्हतं."

"काय बोलायचं होतं?"

"ते मला काय ठाऊक? तू ओ दिली असतीस तर कळलं असतं."

माझ्या पोटात ते वाक्य होतं. मागून घे, मोटर मागे असते. माझ्याकडून एक पातंही हललं नाही.

आईने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. चहाचा कप मुलाकडे सरकवला आणि म्हणाली, "पुसू नकोस. बापाने हाक मारली आणि मुलाने ती पुसून टाकली, असं नको व्हायला. नऊ वर्षं उशीर झालाय, पण ओ दे."

दिग्दर्शिका हळूच उठली आणि कॅमेरावाल्याला घेऊन जिन्यात जाऊन उभी राहिली. मुलाने आपल्या बॅगेतून माइक काढला. आईने खिडकी लावली. मग तो बोलला. माझ्यासमोर बसून बोलला, म्हणून मला माहीत आहे की दोनदा त्याचा आवाज फुटलाच नाही आणि तिसऱ्यांदा फुटला.

आता नवी प्रत निघाली आहे. मला पुन्हा कपाटावर ठेवलंय. पिशवी आहेच, तोंड मात्र या वेळी खोलीकडे आहे आणि उघड्या दारातून बाहेरचा टीव्ही दिसतो. मुलगा रविवारी चारच्या आधी येतो आणि आईशेजारी बसतो. अकराव्या मिनिटाला यानाच्या पोटातून बापाची हाक येते. पहारेकरीण वळते. दोन सेकंद मी एकटा खरखरतो आणि मग अगदी खाली, बोळाच्या टोकाकडून आल्यासारखं येतं, "ओ, बाबा." लोक म्हणतात, यानावर आता दोन भुतं आहेत.

आई हल्ली तिथे उठत नाही. दोघंही बसून राहतात. मुलगा पुढे वाकतो, टीव्हीचा आवाज वाढवतो आणि कान देऊन ऐकतो. ओ दिल्यावर समोरून पुढचं काहीतरी यायला हवं ना. येत नाही. साडेतीन मिनिटं फक्त मी असतो, झिजलेल्या बुशाने फिरणारा, आणि त्या प्रत्येक फेरीत मी माझ्या परीने तेच सांगत असतो. त्याला खरखर ऐकू येते.

ती गोष्ट कधी तुमच्या बघण्यात आली, तर भुताला घाबरू नका आणि तिथे बोलू नका. चांगले कान असलेलं कुणी भेटलं, तर त्याला ऐकवा. बोलून झालं की निरोप घ्यावा, अशी रीत आहे. मला निरोप घेता येत नाही. माझ्याकडचा अजून द्यायचा राहिलाय.