चंदनची वायर

सावद्याच्या कुंदाबाई चौधरी यांनी सत्याण्णव सालापासून एकच व्हिडिओ गेम खेळला. तो आणला होता त्यांच्या मुलासाठी, लीलाधरसाठी. लीलाधर चार महिन्यांत कंटाळला. कुंदाबाईंनी एका दुपारी सहज रिमोट हातात घेतला आणि मग रोज दुपारी दोन ते चार हा त्यांचा वेळ ठरून गेला. लीलाधर मोठा झाला, केळीच्या गाड्या भरून उत्तरेकडे पाठवू लागला, त्याचं लग्न झालं. दुपारच्या त्या दोन तासांत काही बदल झाला नाही.

गेममध्ये निळ्या सदऱ्यातला एक माणूस होता. तो ओंडक्यांवरून उड्या मारत नदी ओलांडायचा आणि पलीकडचे हंडे गोळा करायचा. कुंदाबाईंनी त्याचं नाव कुंदन ठेवलं होतं. कुंदनच्या उजव्या हाताला, बोटभर अंतरावर, फिकट रंगाचा दुसरा माणूस असायचा. तो कुंदनचा भाऊ चंदन. कुंदनने उडी मारली की चंदनही मारायचा. प्रत्येक हंड्याशेजारी एक फिकट हंडाही असायचा. तो चंदनच्या वाटणीचा, असं कुंदाबाई धरून चालल्या होत्या. दोघा भावांत कधी वाद झालेला त्यांनी पाहिला नाही.

मागच्या दिवाळीत जुना टीव्ही बंद पडला. लीलाधरने भिंतीएवढा नवा आणला, पण त्यावर गेमचं चित्र नुसतं मुंग्या आल्यासारखं दिसायचं. मग तो गेमची पेटी घेऊन जळगावला गेला. गोलाणी मार्केटमध्ये हितेंद्रचं छोटं दुकान होतं. जुन्या गेमच्या पेट्या उघडायच्या, अँटेनाचा डबा काढून टाकायचा, चित्राचा सिग्नल थेट बोर्डावरून उचलायचा आणि तो नव्या टीव्हीला समजेल असा करून द्यायचा, हे काम तो करायचा. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. एकेक ठिपका मोजता आला पाहिजे, असं तो म्हणायचा.

लीलाधरने पेटी घरी आणून लावली. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. नदीचं पाणी निळं, ओंडक्यावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. कुंदाबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "चंदन कुठे आहे?"

चंदन नव्हता. कुंदन एकटाच काठावर उभा होता. कुंदाबाईंनी रिमोट खाली ठेवला. एकट्याला नदीत पाठवणार नाही, म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लताबाई आणि आणखी पाच-सहा बायका भेटायला आल्या. सतरंजी टाकावी लागली. एकीने हळूच विचारलं, कसं झालं. लीलाधरला काय सांगावं कळेना. जळगावला नेलं होतं, तिथेच झालं, असं तो म्हणाला. त्यावर लताबाई म्हणाल्या की जळगावला कशाला नेलं, सरळ नाशिकला न्यायचं होतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. लीलाधरलाही क्षणभर वाटलं, आपण घाई केली.

त्याने हितेंद्रला फोन करून सगळं सांगितलं. इतकी वर्षं कोणी त्याच्या कामाबद्दल तक्रार केली नव्हती. रविवारी सकाळी तो मोटरसायकलवरून सावद्याला आला. त्याने कुंदाबाईंना समजावून सांगितलं, "अक्का, तो माणूस नव्हता. चित्रातला दोष होता. तो घालवणं हेच माझं काम आहे."

"दोष होता तर अठ्ठावीस वर्षं माझ्यासंगं कसा राहिला?" कुंदाबाई म्हणाल्या.

हितेंद्र उठला. त्याने जुन्या टीव्हीची जागा पाहिली. भिंतीतून एक काळी वायर बाहेर आलेली होती, टोक कापलेलं. केबलवाल्याचा धंदा केव्हाच बंद झाला होता, वायर मात्र कोणी काढली नव्हती. पूर्वी गेमची वायर आणि ही वायर एकाच जोडात बसवलेल्या असत. नवा टीव्ही लावताना लीलाधरने तो जोड फेकून दिला होता.

हितेंद्र गच्चीवर चढला आणि वायरीच्या मागे मागे निघाला. अकरा घरं ओलांडून ती गल्लीच्या टोकाला भाईदासनानांच्या माळ्यावर गेली होती. तिथे धान्याच्या पोत्यांमागे तिचं टोक उघडं लोंबत होतं. म्हणजे गेमचा सिग्नल दोन वाटांनी निघायचा. एक सरळ टीव्हीत जायचा. दुसरा या वायरीतून माळ्यापर्यंत जायचा, पुढे रस्ता नाही म्हणून परत फिरायचा आणि किंचित उशिरा टीव्हीत पोचायचा. उशीर झाल्यामुळे तो थोडा बाजूला दिसायचा.

हे त्याने परत येऊन सांगितलं. कुंदाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे चंदन रोज भाईदासभाऊच्या घरी जाऊन येत होता," त्या म्हणाल्या.

हितेंद्रने यात काही चूक आहे का, यावर बराच विचार केला. त्याला सापडली नाही.

"हो," तो म्हणाला.

त्याने पुन्हा पेटी उघडली. बोर्डावरून उचललेल्या सिग्नलला गल्लीची वायर जोडली, मग ते सगळं नव्या टीव्हीकडे वळवलं. स्वच्छ केलेल्या चित्रात स्वतःच्या हाताने दोष घालताना त्याला बरं वाटलं नाही. वायरीला कथलाचा डाग देताना तो दोनदा थांबला. पण टीव्ही लावला आणि कुंदनच्या उजव्या हाताला चंदन उभा राहिला. आता तोही स्पष्ट होता. सदऱ्याची बटणं दिसत होती, चेहरा दिसत होता.

कुंदाबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. "हे तर जुळे आहेत," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं आपण चंदनला धाकटा समजून मागे ठेवला, याचं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी रिमोट घेतला आणि दोघांना नदीत उतरवलं. हितेंद्रला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भरीत-भाकरी होती. त्याने घासागणिक टीव्हीकडे पाहिलं आणि शेवटी कबूल केलं की चित्र चांगलं आलंय.

भाईदासनानांनाही हे कळलं. ते बाजार समितीतून निवृत्त झाले होते आणि पत्नी यशोदाबाई गेल्यापासून घरात एकटेच होते. इतकी वर्षं आपल्याकडे रोज माणूस येत होता आणि आपण त्याला पोत्यांमागे उभं केलं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी माळा झाडून घेतला, पोती हलवली, वायर खिडकीला नीट बांधली. आता दुपारी दोनच्या आधी ते तिथे तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवतात, आणि खाली येऊन आरामखुर्चीत बसतात.

कुंदाबाईंनी लीलाधरबरोबर निरोप पाठवला की पाणी द्या, पण त्याला बसवून ठेवू नका, कुंदन काठावर खोळंबतो.

"बसतो कुठे," नाना म्हणाले. "दोन महिने झाले, एकदा टेकला नाही. आईला सांग, त्याला म्हणावं, निदान रविवारी तरी जरा वेळ काढून ये."