जिभेखालची खडीसाखर

मुलीच्या पत्राला मेस्त्रीनं अजून उत्तर दिलं नव्हतं. शर्टाच्या खिशात राहून राहून ते घामानं मऊ पडलं होतं.

'बाबा, इकडे कायमचं राहायचं तर आधी आरोग्यविमा लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही. आईला विमा मिळाला, तुम्हाला नाही मिळाला. आई म्हणते, ते जा म्हणाले तरच येईन. फोनवर ती शेजारी बसलेली असते आणि तुम्ही नुसतं हं हं करता. म्हणून लिहून कळवा.' खाली जावयानं भर घातली होती, 'आई आल्या तर पाळणाघराचाही प्रश्न सुटेल.'

मेस्त्री फौजेत ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करायचा. ड्रम उघडायचा, आतली काळी धूळ फुंकून काढायचा. खोकला त्याला तिथंच जडला. पण त्यांच्या वर्कशॉपात दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला 'बाळंतीण' म्हणत. म्हणून निवृत्तीच्या तपासणीला जाताना त्यानं जिभेखाली खडीसाखरेचा खडा धरला, खोकला गिळला आणि डॉक्टरनं विचारल्यावर ताठ उभं राहून सांगितलं, "काही त्रास नाही, साहेब." रांगेतल्या सोबत्यांनाही त्यानंच खडे वाटले होते. सगळे पास झाले. त्याचं त्याला किती कौतुक होतं.

विम्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. तिथं साखर चालली नाही.

आता एकच दार उरलं होतं. दुखणं नोकरीतलं ठरलं, तर परदेशातल्या औषधपाण्याचा खर्च फौज उचलत असे, मग विमा लागत नसे. तेवढ्या आशेवर तो बायकोला घेऊन पेन्शन कचेरीत आला होता.

"आजोबा, इथं 'निरोगी' लिहिलंय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "सही तुमचीच ना?"

"माझीच. पण तेव्हा मी खोटं बोललो."

"आणि आता खरं बोलताय?"

मागचा कारकून मान वर न करता म्हणाला, "विमानाचा वास आला की म्हाताऱ्यांना जुनी दुखणी बरोब्बर आठवतात."

बायको पुढं सरकली. "अहो बाई, रात्र रात्र बसून काढतात हे. मी पाठ चोळते तेव्हा कुठं श्वास येतो."

"हे तेव्हा बोलायचं होतं, आजी."

"तेव्हा मला कोण विचारत होतं?"

बाई जरा नरमल्या. "बरोबरचे कोणी असतील तर आणा. त्यांच्या कागदावर असा आजार नोंदला असेल, तर बघता येईल."

"दोघं गेले. छातीनंच," मेस्त्री म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"ते पण निरोगीच आहेत. कागदावर."

कारकून मोकळेपणानं हसला. बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना बायको म्हणाली, "जाऊ दे. मी पण कुठं जात नाही." पण गल्लीतल्या शिंपिणीकडे तिनं मुलीच्या बाळाची अंगडी शिवायला टाकली होती, हे मेस्त्रीला ठाऊक होतं. अस्तराची. इकडच्या हवेत अस्तर लागत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं औषधाची नवी बाटली आणली आणि बाहेरच्या खोलीत निजायला लागला. तोंडात खडा, तोंडावर उशी.

आठवडाभरानं बायको म्हणाली, "गुण आला म्हणायचा."

"पार थांबला. मागंच आणायला हवं होतं हे औषध."

"खरंच ना?"

"तुझी शपथ घेऊ का आता?"

"नको," ती पटकन म्हणाली. तिला खरं वाटलं, की खरं वाटायला हवं होतं, हे त्याला समजलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

तिच्यासमोरच त्यानं उत्तर लिहिलं. 'आईला पाठवतोय. माझी तब्येत ठणठणीत आहे. पाळणाघर बंद करा.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोघं चालत गेली. पत्र तिनंच टाकलं आणि नीट आत पडलं ना, म्हणून फटीत बोटं घालून चाचपलं.

"अंगडी झाली असतील. येता?"

त्यानं मान हलवली आणि हातानंच तिला पुढं हो म्हटलं. खडा केव्हाच विरघळला होता. तोंड उघडण्याची सोय नव्हती.

ती झपझप चालत गेली. इतकी झपझप तिला त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती वळणाआड झाल्यावर त्यानं पेटीला दोन्ही हातांनी धरलं.