नीलमाच्या पोटातल्या सुया

मोठ्या जाऊबाईंनी अंगठी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हसू नकोस हं, घरात सगळे हसून झालेत. सोनारकाकांकडून आणल्यापासून हा नीलम मला माझा वाटतच नाही."

धाकटी हसली नाही. रत्नं तपासण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. अंगठीची पकड सैल झाली म्हणून काकांनी खडा काढून पुन्हा बसवला होता, म्हणजे काहीही होऊ शकतं. तिनं खडा पुसला, अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बाजूनं बारीक उजेड सोडला. निळ्या पोटात मधोमध एक पांढुरकी भेग होती. बाकी सगळं लख्ख.

मग तिनं संगणकावर ताईंच्या नीलमाचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो उघडला. तिनंच काढलेला, वेगवेगळ्या खोलीवरचे बावीस फोटो जोडून केलेला. त्यात खडा घडतानाच आत तयार झालेल्या, रेशमासारख्या बारीक सुया एकमेकींना छेदत होत्या.

"ताई, तुमचंच खरं. हा तुमचा नीलम नाही."

"म्हणजे चोरला?"

"लगेच तसं नका म्हणू. आधी काकांना विचारू."

दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात काकांचा पारा चढला. "केस पांढरे झाले माझे या धंद्यात! तू मला खडे शिकवणार?"

"शिकवत नाही, काका. दाखवते. चला तर खरं."

काका धुसफुसत आले. एकदा भिंगात, एकदा पडद्यावर, पुन्हा भिंगात बघत राहिले. तिनं घाई केली नाही. आपल्या फोटोवर तिचा स्वतःच्या अक्षराइतका भरवसा होता.

"भेग नवी पडली असेल," काका पुटपुटले.

"पडली असेल. पण सुया कुठं गेल्या?"

काकांनी भिंगावरून मान वर केली. ते म्हणाले, "त्याच दिवशी एका शिक्षिकेचीही तेवढ्याच नीलमाची अंगठी आली होती. दोन्ही खडे मी एकाच वाटीत ठेवले. चूक माझी."

त्यांनी तिथूनच शिक्षिकेला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. तासाभरात बाई अंगठी घेऊन आल्या. भिंगाखाली तिच्यातल्या नीलमात सुया जागच्या जागी होत्या. जाऊबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी दुकानातून हत्यारं मागवून तिथंच बसून दोन्ही खडे आपापल्या अंगठीत बसवले.

जाऊबाई आणि शिक्षिका गेल्या, पण काका उठायचं नाव घेईनात.

"आयुष्यभर खडे बसवले, आत कधी डोकावलोच नाही," ते म्हणाले. "आणखी एखादा दाखव ना."

धाकटीनं पाचूची डबी उघडली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.