रोटीच्या ठशाची हरवलेली सुई

मित्रांनो, मी मर्गिलान गावच्या तुर्सुन उस्तांचा, म्हणजे रोटी भाजणाऱ्या उस्तादांचा, ठसा. हातात मावेल एवढी जर्दाळूच्या लाकडाची मूठ आणि तळाशी पोलादाच्या वीस सुया, एवढाच माझा देह. रोटी तंदूरमध्ये थापण्याआधी तिच्या मधोमध मला दाबतात. सुयांच्या भोकांमुळे मधला भाग फुगत नाही आणि वर छान नक्षी उठते. काम लहान आहे, पण त्या लहान कामातून एकदा काय घडलं ते आठवलं, की आजही माझ्या लाकडावर काटा येतो.

माझा जन्म युल्दाश बाबांच्या दुकानात झाला. बाबा कातारी. फिरत्या लाकडाला पायाच्या अंगठ्यानं पटाशी टेकवून ते आकार देत, तेव्हा त्यांच्या दाढीत भुसा साचायचा. त्यांनी माझी एकेक सुई ठोकून बसवली, मला उलटं धरून हलवलं आणि कानाशी नेऊन ऐकलं. मग उस्तांच्या हाती देताना बजावलं, "याला पाणी दाखवू नकोस. कोरड्या कुंचल्यानं झाड आणि रोज सुया मोज."

उस्तांनी अकरा वर्षं तसंच केलं. पहाटे कणीक मळायची, तंदूर पेटवायचा, मग कंबरेपर्यंत आत वाकून धगीत रोट्या थापायच्या. त्या धगीनं उस्तांच्या भुवया केव्हाच जळून गेल्या होत्या. लोक नक्षी बघूनच म्हणायचे, ही तुर्सुनची रोटी. हे ऐकलं की मी मनातून फुलून जायचो. खोटं कशाला सांगू?

मग त्या वर्षी लग्नसराई आली. उस्तांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझ्या सुयांत अडकलेली कणीक कुंचल्यानं कोण काढत बसणार? त्यांनी मला पाण्यात बुचकळायला आणि तंदूरच्या काठावर वाळवायला सुरुवात केली. लाकूड पाण्यानं फुगायचं, धगीनं आकसायचं. मोजणी तर कधीच बंद पडली होती. एका संध्याकाळी माझी एक सुई उस्तांच्या अंगठ्याखाली हलली. त्यांनी ती परत आत दाबली आणि म्हणाले, "उद्या बघू." युल्दाश बाबांचं दुकान आमच्यापासून चौथ्या दारात होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भट्टीच्या चाळीस रोट्या हातोहात गेल्या. दुसऱ्या भट्टीच्या कणकेवर मला दाबलं आणि उस्तांचा हात हवेतच थांबला. नक्षीत एक खूण कमी होती. त्यांनी मला उलटं केलं, मोजलं. एकोणीस. परत मोजलं. एकोणीस. त्यांनी पीठ चाळलं, फळी पुसली, कपडे झटकले. सुई कुठेच नव्हती. माझी सुई कुणाच्या तरी घासात होती.

टोपीही न घालता, मला मुठीत धरून ते धावत सुटले. एवढं एक बरं होतं, की सुई गळाल्यावर छापलेल्या रोट्यांवर एकोणीसच खुणा असणार, म्हणजे त्या निर्धोक. ज्यांवर वीस खुणा, त्या फोडून बघायच्या.

पहिलं दुकान कामिल न्हाव्याचं. त्याचा वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर होता आणि रोटी खिडकीत चहापाशी होती. सगळं ऐकून त्यानं वस्तरा हळूच खाली ठेवला.

"वस्तरा मी धरतो आणि गळे तू कापतोस होय, उस्ता?" तो म्हणाला. एरवी यावर दोघं पोट धरून हसले असते. त्याच्या रोटीवर एकोणीस खुणा होत्या.

नईम रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळीत भिजलेले होते. त्याची वीस खुणांची रोटी उस्तांनीच फोडली, तुकडा न् तुकडा चुरगाळला. काही नव्हतं. पुढे रेशमाचे माग. तिथल्या सात बायका न्याहारी उरकत मागावर बसलेल्या. एकीनं तोंडातला घास तळहातावर काढला आणि बोटांनी कुस्करून बघितला. सगळे माग थांबले. अकरा वर्षांत ती गल्ली मी कधी गप्प झालेली ऐकली नव्हती. आपली एक सुई एवढ्या माणसांचा हात कामावरून उचलते, हे बघून मी हादरून गेलो.

साडेदहापर्यंत एकोणचाळीस रोट्यांचा तपास लागला. उरली एक. ती आठवताच उस्ता तारघराच्या वाटेनं धावत सुटले. तळहाताएवढी ती छोटी रोटी मस्तुरा आपांनी नेली होती. आपा कारखान्यात रेशमाचे कोष उकळायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा इल्योस त्या दिवशी आठच्या गाडीनं दोन वर्षांसाठी फौजेत निघाला होता. आमच्याकडे लांब जाणारा माणूस रोटीचा एक घास खाऊन निघतो. उरलेली रोटी भिंतीवर टांगतात. तो परत येऊन ती संपवतो. तोवर तिला कुणी तोडत नाही.

आपांच्या दाराशी उस्तांनी एका दमात सगळं सांगितलं. आपांनी भिंतीवर टांगलेल्या रोटीकडे बघितलं.

"त्यानं घास चावलासुद्धा नाही नीट," त्या म्हणाल्या. "गाडी चुकेल म्हणून गिळला आणि पळाला."

उस्ता येता येता तारघरात डोकावले होते. दुपारी बाराला गाडी खोजंदला थांबणार होती. पण खात्री असल्याशिवाय फौजेची गाडी अडवायची तार घेणार नाही, असं बाबूनं सांगितलं होतं. खात्री करायची तर रोटी फोडायला हवी होती. खुणा मोजून भागत नव्हतं, कारण इल्योसच्या दातांनी नक्षीतल्या चार-पाच खुणा सोबत नेल्या होत्या.

आपांनी स्टुलावर चढून रोटी उतरवली आणि छातीशी धरली. "ही तोडली तर माझा पोरगा परत यायचा नाही रे, तुर्सुन. आणि नाही तोडली तर..." मग डोळे मिटून त्यांनी दोन्ही अंगठे रोटीवर टेकवले.

"थांब, मस्तुरा." दारात शेजारचे झाकिर शिंपी उभे होते, गळ्यात फीत तशीच. गलबला ऐकून ते मशीन सोडून आले होते. "तोडतेस कशाला? माझ्या जमिनीवर सांडलेल्या टाचण्या मी काय हातानं वेचतो?"

ते घरी जाऊन लोहचुंबक घेऊन आले. त्यांनी तो रोटीवरून फिरवला. काही झालं नाही. परत फिरवला, अगदी टेकवून. पापुद्रा किंचित उचलला गेला आणि टिक् असा आवाज झाला. चुंबकाला माझी सुई लटकत होती.

दातांच्या खुणेपासून ती जेमतेम बोटभर अंतरावर होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या बोटभर अंतराकडे बघून मी आतून गार पडलो. उस्ता मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

आपांनी रोटी फडक्यात गुंडाळून पुन्हा भिंतीवर टांगली. मग त्या उस्तांपाशी आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आज तू अख्खं गाव पळालास, तुर्सुन. काल चार दारं चालला असतास तर?"

उस्ता उठले आणि तसेच, पिठानं माखलेले, युल्दाश बाबांच्या दुकानाकडे चालायला लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची कात्री असेल, कुणाची करवत, कुणाची शिडी. आम्हाला रोज जरा हातात घेऊन न्याहाळत जा. आम्हा अवजारांना तोंड नाही. काही बिनसलं तर आम्ही फक्त सैल होतो, आणि कुणाच्या तरी अंगठ्याखाली एकदा हलतो. त्याहून मोठ्यानं आम्हाला ओरडता येत नाही.